दांताची भीति आणि गुंगीचीं औषधें

मुंबईचा रहिवासी सकाळीं ज्या पाण्यानें चूळ भरतो, त्यांतील पुष्कळसें पाणी शहापूर तालुक्यांतील तानसा व भातसा या जलाशयांतून आलेलें असतें. त्याच तालुक्यांतील एखाद्या पाड्यावर म्हातारीची दाढ दुखूं लागली तर पुढें काय होतें, हें मात्र चूळ भरणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. ती आठ दिवस दाढेखालीं लवंग धरते. मशेरी नेहमीपेक्षां जास्त लावते. रात्रीं गाल हातांत धरून उंबऱ्याशीं बसून राहते. आणि सकाळीं मुलगा म्हणाला कीं, "आये, चल, शहापूरला दाखवून येऊं," तर "कालच्यापेक्षां उतार आहे रे," असें सांगून कामाला लागते. एस. टी. चें भाडें, बुडणारी मजुरी, पायाखालचें अंतर हीं कारणें खरीं आहेत; त्यांना कोणी खोटें म्हणूं नये. परंतु या सर्वांच्या आड दडून बसलेलें आणखी एक कारण असतें, व तें ती कोणापाशींहि बोलत नाहीं. तिला भय वाटतें. सुईचें भय, पक्कडीचें भय, आणि अनोळखी माणसासमोर पाठीवर रेलून, तोंड उघडून, निमूटपणें पडून राहण्याचें भय.

हें भय कांहीं पाड्यावरचीच मिरासदारी नव्हे. दादरचा चांगला शिकलेला गृहस्थहि दंतवैद्याच्या जिन्याच्या चार पायऱ्या चढून, एकाएकीं कांहीं काम आठवल्यासारखें करून, खालीं उतरतो. श्रोत्यांपैकीं किती जणांनीं असें केलें असेल, हें ज्यानें त्यानें आठवावें. फरक एवढाच कीं, दादरच्या गृहस्थाला दुसऱ्या दिवशीं तोच जिना पुन्हां चढतां येतो. मुरबाडला रेल्वे नाहीं. तेथून मोठ्या रुग्णालयांत जावयाचें तर कल्याणपर्यंत रस्त्यानें यावें लागतें, आणि टोकावड्याच्या पलीकडल्या, माळशेज घाटाच्या पायथ्याच्या वाडीवरून तर मुरबाड गांठण्यांतच सकाळ संपते. एवढा खटाटोप करून दारापर्यंत आलेला रोगी भिऊन परतला, तर तो पुन्हां लवकर येत नाहीं.

आणि दिरंगाईची किंमत नुसत्या वेदनेंत मोजतां येत नाहीं. खालच्या दाढेच्या मुळाशीं सांचलेला पू वाट मिळेल तिकडे जातो. तो जिभेखालीं आणि हनुवटीखालीं पसरला म्हणजे सूज घशाकडे सरकते आणि श्वासच कोंडूं लागतो. लुडविग नांवाच्या जर्मन वैद्यानें १८३६ सालीं या विकाराचें वर्णन केलें, आणि आजहि तो प्राणघातक ठरूं शकतो. दुसरी गोष्ट याहून विचित्र आहे. पू झालेल्या जागेंतील ऊतक आम्लधर्मी झालेलें असतें, आणि बधिर करणारें औषध अशा आम्लांत मज्जातंतूच्या आंत नीट शिरूंच शकत नाहीं. म्हणजे जो भिऊन उशीर करतो, त्यालाच इंजेक्शन कमी लागू पडतें, त्यालाच जास्त दुखतें, आणि पाड्यावर परत जाऊन तोच सांगतो कीं, "सुई घेतली तरी दुखतेंच." त्याचें म्हणणें खोटें नसतें. त्याचें ऐकून शेजारीहि उशीर करतात.

जुन्या लोकांनीं या भयावर व वेदनेवर कांहीं उपाय शोधलेच नव्हते असें नाहीं. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी तोंडांत घेण्याचा प्रघात महाराष्ट्रांत पुष्कळ जुना आहे; धुरीनें दाढेंतला किडा बाहेर पडतो अशी समजूत. युरोपांतहि हीच समजूत होती, आणि तेथें धुरी घेत ती खुरासानी ओव्याची. त्या बिया तापून फुटल्या कीं आंतील कोंब अळीसारखे दिसत, व लोकांना किडा पडल्याची खात्री पटे. दांतांत असा किडा कधींच नसतो. परंतु गंमत अशी कीं, खुरासानी ओव्यांत हायोसीन नांवाचें द्रव्य असतें, आणि पुढें विसाव्या शतकांत शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्याला तंद्री आणण्याकरितां डॉक्टरांनीं तेंच द्रव्य शुद्ध करून मॉर्फियाबरोबर वापरलें. कारण चुकीचें होतें, वनस्पति मात्र निरुपयोगी नव्हती. अर्थात् तिची मात्रा कोणाच्याच हातांत नव्हती, आणि धुरी घेऊन माणसें दगावण्याचाहि धोका होता.

मात्रा हातांत येण्याचा इतिहास दंतवैद्यांपासूनच सुरू होतो. अमेरिकेंतील हार्टफर्ड गांवीं १० डिसेंबर १८४४ रोजीं कोल्टन नांवाच्या एका फिरत्या व्याख्यात्यानें हास्यवायूचा खेळ मांडला. पैसे देऊन लोक वायु हुंगत व व्यासपीठावर नाचत, खिदळत. त्यांतील एका तरुणाचा पाय बांकावर आपटून रक्ताळला आणि त्याला त्याचा पत्ताहि नव्हता. प्रेक्षकांत बसलेल्या होरेस वेल्स या दंतवैद्यानें एवढेंच हेरलें. दुसऱ्याच दिवशीं त्यानें कोल्टनकडून स्वतः वायु हुंगला आणि रिग्ज नांवाच्या सहव्यवसायीकडून आपलीच दाढ उपटवून घेतली. वेदना जाणवली नाहीं. पुढच्या वर्षाच्या आरंभीं बोस्टनच्या डॉक्टरांपुढें प्रयोग करतांना मात्र वायु पुरेसा दिला गेला नाहीं. रोगी ओरडला, आणि जमलेल्यांनीं वेल्सची हुर्यो केली. त्याचाच एके काळचा भागीदार मॉर्टन, हाहि दंतवैद्यच, यानें १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं त्याच शहरांत ईथर देऊन यश मिळविलें. वेल्सचा अंत १८४८ सालीं न्यूयॉर्कच्या तुरुंगांत आत्महत्येनें झाला. ज्या वायूवरून त्याची हुर्यो झाली, तो वायु आजहि दंतवैद्याच्या हातीं आहे. ईथर बहुतेक ठिकाणांहून कधींच गेला.

येथें तीन शब्दांतील भेद ध्यानांत घ्यावयास हवा, कारण बोलतांना सर्वांनाच "भूल" म्हणण्याची रीत आहे. पहिली बधिरता: सुईनें लिग्नोकेन टोचलें कीं तेवढा जबडा व ओठ सुन्न होतो, माणूस पूर्ण जागा असतो. दुसरी गुंगी: माणूस जागाच असतो, बोललेलें ऐकतो, सांगितल्यास तोंड उघडतो, परंतु भय ओसरलेलें असतें. तिसरी संपूर्ण भूल: शुद्धच नसते, आणि श्वासाची राखण दुसऱ्या कोणाला तरी करावी लागते. गुंगी ही बधिरतेच्या ऐवजीं नव्हे, तिच्या जोडीला असते. गुंगी दिली तरी सुई टोचावीच लागते. फक्त तिची धास्ती राहत नाहीं.

बहुतेक भित्र्या रोग्यांचें काम वास्तविक पहिल्या उपायावरच भागतें, मात्र त्याच्या जोडीला चार शब्द हवेत. आधीं सांगावें, मग दाखवावें, मग करावें, हा क्रम लहान मुलांच्या दंतवैद्यकांत शिकविला जातो. तो सत्तर वर्षांच्या म्हातारीलाहि तितकाच लागू पडतो. दुखल्यास हात वर करावा आणि हात वर होतांच डॉक्टरानें खरोखरच थांबावें, एवढ्या करारानें अर्धें भय जातें. सुईपूर्वीं हिरडीवर सुन्न करणारा मलम लावतां येतो, आणि औषध सावकाश सोडलें तर दुखणें फार कमी होतें. औषधांत ॲड्रिनलिन मिसळलेलें असलें तर दोन-चार मिनिटें छाती धडधडते. हें आधीं सांगितलेलें नसलें म्हणजे रोग्याला वाटतें कीं आपला जीवच चालला. आणखी एक साधी गोष्ट. पहांटेच्या एस. टी. नें निघालेला रोगी बहुधा उपाशीं येतो, कांहीं जण तर "सुई घ्यायची आहे" म्हणून मुद्दाम उपाशीं येतात, आणि मग भय व रिकामें पोट मिळून खुर्चींतच भोवळ येते. नुसत्या बधिरतेकरितां उपाशीं राहूं नये. भाकरी खाऊन यावें. उपासाचा नियम संपूर्ण भुलीचा आहे.

जेथें शब्द पुरत नाहींत, तेथें हास्यवायु सर्वांत सोयीचा. नाकावर लहानसा मुखवटा बसवून प्राणवायूबरोबर तो देतात. वेल्सच्या काळीं प्राणवायूची जोड नव्हती, ती शिकागोच्या अँड्र्यूज यानें १८६८ सालीं सुचविली. आजचीं यंत्रें अशीं असतात कीं, प्राणवायु शेंकडा ३० च्या खालीं जाऊंच देत नाहींत. दोन-तीन मिनिटांत हातपाय हलके वाटूं लागतात. काम संपल्यावर कांहीं मिनिटें नुसता प्राणवायु दिला कीं अंमल उतरतो, आणि हाच त्याचा मोठा गुण. परंतु चोंदलेल्या नाकानें वायु आंत जाणार नाहीं; गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत तो टाळतात; आणि शरीरांतील बी-१२ हें जीवनसत्त्व तो निकामी करीत असल्यामुळें, ज्यांना त्याची फार कमतरता आहे त्यांनीं, म्हणजे शुद्ध शाकाहारी घरांतील पुष्कळांनीं, तें आधीं सांगावें. शिवाय यंत्र, नळकांडीं आणि वायु बाहेर टाकण्याची सोय हा सारा खर्च तालुक्याच्या गांवच्या एकट्या दवाखान्याला पेलत नाहीं. दोष डॉक्टराचा नव्हे.

यंत्र नसलें तरी गोळी असते, आणि म्हणूनच गोळीचा मोह फार. डायझेपाम १९६३ सालीं बाजारांत आलें. आदल्या रात्रीं अथवा तासभर आधीं घेतलें तर मन शांत होतें. मात्र गिळलेली गोळी परत काढतां येत नाहीं. कमी पडली तरी वाट पाहण्यावांचून गत्यंतर नाहीं, जास्त झाली तर श्वास मंदावतो. शेजाऱ्याच्या झोपेच्या गोळ्यांतली एक घेऊन येणें किंवा धीर यावा म्हणून थोडी दारू पिऊन येणें, हे दोन्हीं प्रकार घडतात. दोन्हीं एकत्र घडले तर परिणाम जिवावर बेतूं शकतो. डॉक्टरानें विचारलें असतां येथें लाजून खोटें बोलूं नये. रोज पिणाऱ्यावर औषधाचा अंमल निराळाच होतो, आणि तें डॉक्टराला ठाऊक नसलें तर त्याचा अंदाज चुकतो.

शिरेंतून मिडाझोलाम देण्याची पद्धति अधिक नेमकी. थेंबाथेंबानें देतां येतें, पापण्या जड होतांच थांबतां येतें, आणि अंमल उतरविणारें फ्लुमाझेनिल हें उलट औषधहि आहे. त्याचा एक चमत्कारिक गुण असा कीं, रोगी सर्व वेळ बोलत असला तरी नंतर त्याला त्यांतलें फारसें कांहीं आठवत नाहीं. पण येथें बोटावर प्राणवायु मोजणारें यंत्र, प्राणवायूचें नळकांडें आणि श्वास अडखळल्यास तो सांभाळण्यास शिकलेला माणूस, हीं तिन्हीं हवींतच. दाढ काढणाऱ्यानेंच श्वासाकडेहि पाहावें ही अपेक्षा चुकीची आहे.

संपूर्ण भूल लागते ती थोड्यांना: दहा-बारा किडके दांत असलेल्या अजाण मुलाला, मतिमंद रोग्याला, किंवा ज्याचा जबडा सुजेनें उघडतच नाहीं अशाला. ती रुग्णालयांतच व भूलतज्ज्ञाकडूनच घ्यावी. ब्रिटनसारख्या देशांतहि दंतवैद्यांच्या खासगी खोल्यांतून संपूर्ण भूल दिली जात असे, आणि तींत मुलेंहि दगावलीं. अखेर २००१ साल संपतां संपतां ती प्रथा तेथें बंद करण्यांत आली.

शहापूर-मुरबाडकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाहीं. ठाणें व पालघर जिल्ह्यांतील आदिवासी जमातींत सिकलसेल हा रक्ताचा वंशागत विकार आढळतो. अशा माणसाच्या रक्तांत प्राणवायु थोडा वेळ जरी कमी पडला तरी तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वांकतात, सूक्ष्म वाहिन्या तुंबतात आणि हाडांत असह्य कळा सुरू होतात. तेव्हां गुंगी देण्यापूर्वीं "तुमची सिकलसेलची तपासणी झाली आहे का?" हा प्रश्न येथें मधुमेहाच्या प्रश्नाइतकाच आवश्यक आहे. शहापूर व मुरबाड या दोन्हीं ठिकाणीं सरकारी रुग्णालयें आहेत, तेथें चौकशी प्रथम करावी. गुंतागुंतीच्या रोग्याला मुंबई गांठावी लागते. नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ सालापासूनचें. आणि शासकीय दंत महाविद्यालय तर छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसच्या अगदीं जवळ आहे. आसनगांवला बसलेल्या माणसाला लोकल न बदलतां तेथवर येतां येतें.

परतीच्या प्रवासाचा विचार मात्र निघतांनाच करावा. गोळी किंवा शिरेंतली गुंगी घेतलेल्यानें एकट्यानें लोकलमध्यें चढूं नये, मोटारसायकल तर चालवूंच नये. मागें बसावयाचें असलें तरी घाटाच्या वळणांवर डुलकी लागण्याची भीति असते. बरोबर जबाबदार माणूस असावा, आणि सूचना त्यालाच द्याव्या, कारण रोग्याला त्या आठवणार नाहींत. त्या कागदावर मराठींत लिहून द्याव्या. सोबतच्या माणसाला वाचतां येत नसेल तर त्याच्याकडून एकदां वदवून घ्याव्या. म्हातारीनें त्या दिवशीं चुलीपुढें बसूं नये, विळीवर भाजी चिरूं नये, कोणत्याहि कागदावर अंगठा उठवूं नये. दांताखालचा कापूस अर्ध्यापाऊण तासानें काढावा. सायंकाळपर्यंत चूळ भरूं नये. ओठ सुन्न असेपर्यंत गरम चहा देऊं नये, आणि मशेरीची डबी निदान आठवडाभर नातवापाशीं ठेवावी.