घरच्या विजेवर कारखान्याची यंत्रे : सोय आणि मर्यादा



गावातील एखादा सुतार किंवा फॅब्रिकेशनचे काम करणारा तरुण शहरातून जुना लेथ अथवा रंधायंत्र विकत आणतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती विजेची. यंत्रावरील मोटर थ्री फेजची, ४१५ व्होल्टची असते. घरातील पुरवठा मात्र सिंगल फेजचा, २३० व्होल्टचा. अशा वेळी कोणीतरी सल्ला देतो, ‘कपॅसिटर लाव, मोटर फिरेल.’ मोटर फिरतेही. परंतु फिरणे वेगळे आणि भार ओढणे वेगळे. हा भेद न ओळखल्यास कर्ज काढून आणलेली मोटर जळते आणि घराचे वायरिंगही धोक्यात येते.

मोटर का अडते?

थ्री फेज पुरवठ्यातील तीन प्रवाह आवर्तनाच्या एक-तृतीयांश अंतराने एकामागून एक शिखर गाठतात. त्यामुळे मोटरीत फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व रोटर त्यामागे ओढला जातो. दोलिव्हो-दोब्रोवोल्स्की या अभियंत्याने १८८९ साली याच तत्त्वावर थ्री फेजची साधी व मजबूत मोटर घडविली. सिंगल फेजमध्ये क्षेत्र फिरत नाही. जागच्या जागी कमी-अधिक होते. मोटर गुणगुणते, पण सुरू होत नाही आणि लवकरच तापते. विद्यार्थ्यांना सायकलचे उदाहरण देता येईल. पायडल नेमके माथ्यावर असताना कितीही दाब दिला तरी चाक हलत नाही. एकदा गती मिळाली की तेच चाक सहज फिरते.

उपलब्ध मार्ग

कोणताही मार्ग पत्करण्यापूर्वी मोटरीवरील पाटी वाचावी. मोटर ४१५ व्होल्टवर स्टार जोडणीत चालणारी असून तिची सहाही टोके बाहेर काढलेली असतील, तर डेल्टा जोडणी करून ती २३० व्होल्टवर चालविता येते. लहान मोटरी बहुधा अशा असतात. पाटीवर ४१५ व्होल्टला डेल्टा जोडणी दर्शविलेली असेल, तर ही सोय नाही.

पहिला मार्ग कपॅसिटरचा. एका अश्वशक्तीस सुमारे ५० मायक्रोफॅरड, सतत चालण्यास योग्य व पुरेशा व्होल्टेजचा कपॅसिटर लागतो. तो तिसऱ्या फेजची उणीव अंशतः भरून काढतो. मोटरीची शक्ती मात्र सुमारे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश एवढीच मिळते आणि सुरुवातीचा जोर फारच कमी असतो. भाराशिवाय सुरू होणाऱ्या यंत्रास हे चालते. भारासह सुरू होणाऱ्या कॉम्प्रेसरला चालत नाही. पूर्ण भारासाठी निवडलेला कपॅसिटर लावून मोटर दीर्घकाळ रिकामी फिरविल्यास एक वेटोळे अधिक तापते. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो, हे विसरू नये.

दुसरा मार्ग म्हणजे एक मोठी थ्री फेज मोटर कपॅसिटरच्या साह्याने रिकामी फिरती ठेवून तिच्यापासून तिसरा फेज मिळविणे. एकाहून अधिक यंत्रे असतील तेथे हा उपयोगी पडतो. मात्र ही मोटर चालू असेपर्यंत काही वीज खर्च होतच राहते.

तिसरा मार्ग इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हचा. २३० व्होल्टचा सिंगल फेज घेऊन तो २३० व्होल्टचा थ्री फेज देतो, मोटर हळुवार सुरू करतो व वेगही बदलू देतो. एक-दोन अश्वशक्तीच्या यंत्रास बहुधा हाच उत्तम. ड्राइव्ह व मोटर यांच्यामध्ये कपॅसिटर मात्र लावू नये.

जबाबदारी सर्वांची

दोन अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर सिंगल फेजमधून सुमारे १० अँपिअर प्रवाह घेते. ड्राइव्ह नसेल तर सुरू होताना तो कित्येक पट वाढतो. दिव्यांच्या तारेवर हा भार टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. स्वतंत्र तार, योग्य एमसीबी, ओव्हरलोड संरक्षण व चांगले अर्थिंग यांची व्यवस्था परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

एकाची सोय अनेकांची गैरसोय कशी होते, हे गुजरातने अनुभवले आहे. तेथील शेतकरी ‘टोटा’ नावाच्या कपॅसिटरवर पंप चालवीत. २००३ साली सुरू झालेल्या ज्योतिग्राम योजनेत गावाच्या व शेतीच्या वाहिन्या वेगळ्या कराव्या लागल्या, त्यामागे हेही एक कारण होते. महाराष्ट्रातही गावठाणाच्या वाहिन्या वेगळ्या करण्याचे काम झाले.

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार मंजूर प्रयोजनाखेरीज अन्य कामासाठी वीज वापरल्यास दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. म्हणून घरगुती व्यवसायास कोणता दर लागू आहे, हे वितरण कंपनीच्या कार्यालयात आधीच लेखी विचारून घ्यावे. व्यवसाय वाढला, यंत्रे मोठी झाली, की थ्री फेजची रीतसर जोडणी घेणेच अखेर स्वस्त पडते. त्या अर्जासाठी पंचायत सदस्यांनी कारागिराला साह्य करावे, शिक्षकांनी त्यास मोटरीची पाटी वाचावयास शिकवावे आणि अधिकाऱ्यांनी जोडणीस विलंब होऊ देऊ नये. एवढे झाले, तर कारागिराच्या हातची कला आडजोडीवर अवलंबून राहणार नाही.