जुनी दंड संहिता वर्गात हवीच

१ जुलै २०२४ रोजी १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. म्हणून विधी महाविद्यालयांनी जुना कायदा शिकवणे थांबवावे, हे मला पटत नाही. त्या तारखेआधीच्या खुनाला आजही कलम ३०२ लागते, नंतरच्या खुनाला कलम १०३; नव्या वकिलाकडे दोन्ही प्रकरणे येणार. विद्यार्थी म्हणतात, ओझे दुप्पट झाले. कलमांचे आकडेच पाठ करायचे असतील तर झालेच! पण खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक जुन्या निकालांतून नीट उलगडला, की नवे कलम लगेच समजते. वाचलेला वेळ संघटित गुन्हेगारीच्या नव्या कलम १११ ला द्यावा. महाराष्ट्रात संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा मोक्का कायदा आहेच. दोन्हींतल्या व्याख्या शेजारी ठेवून वर्गात वाचायला हव्यात.