गाडी किती दिवसांनी धुवावी?

गाडी किती दिवसांनी धुवायची, हे ती कुठे उभी असते यावर ठरतं. रत्नागिरी, मालवण, अलिबाग अशा किनाऱ्यावर आठवड्यातून एकदा धुवावीच. तिथल्या खाऱ्या, दमट हवेत पत्रा लवकर गंजतो. गंजाची सुरुवात बहुधा खालच्या बाजूनं होते, म्हणून चाकांच्या आतल्या कमानी आणि गाडीचा तळ यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. वरचं छप्पर चकाकलं म्हणजे काम झालं, असं मुळीच नाही. पावसाळ्यात तळाला चिकटलेला चिखलही ओल धरून ठेवतो, तोही वेळीच काढा.

विदर्भ-मराठवाड्यात त्रास धुळीचा. तिथे पंधरा दिवसांनी धुतली तरी चालते. पण कोरड्या फडक्यानं धूळ पुसू नका, रंगावर बारीक ओरखडे उठतात. पक्ष्यांची विष्ठा मात्र त्याच दिवशी ओल्या फडक्यानं काढा, उन्हात ती रंग खाते. धुणं सकाळी, सावलीत करा. तापलेल्या पत्र्यावर पाणी वाळून डाग राहतात.

आणि एक कळकळीची विनंती. टंचाईच्या दिवसांत नळाची नळी सोडून देऊ नका. दोन बादल्या पाणी पुरतं.