काड्यापेट्यांची रेल्वे



बँकेच्या नोकरीत बदली ठरलेलीच. परळीहून बीडला आलो तेव्हा थोरला नऊ वर्षांचा होता. परळीत रोज स्टेशनावर जाऊन गाड्या बघायचा. काड्यापेट्या अन् रिळं जोडून त्यानं चाळीस डब्यांची रेल्वे केली होती. सामान बांधताना "हा कचरा कशाला?" म्हणत मी ती बंबात घातली. लेकरू रडलं नाही. एवढंच विचारलं, "बाबा, बीडला रेल्वे आहे का?" नव्हती.

नगर-बीड-परळी मार्ग १९९५ साली मंजूर झाला, पण बीडपर्यंत गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला! त्या दिवशी थोरला नातवाला खांद्यावर घेऊन स्टेशनात उभा होता. स्वतः पन्नाशीला आलेला, पण डोळे तेच, नऊ वर्षांचे. मला मान वर करवेना.

आपल्या जिन्यातही मोटारी, डायनासोर पायाखाली येतात. रागवा जरूर, पण टाकण्याआधी लेकराला एकदा विचारा. मी विचारलं नव्हतं.

आता नातवासाठी काड्यापेट्या जमवतोय. बारा डबे झालेत. तुमच्याकडच्या रिकाम्या पेट्या टाकू नका, आमच्याकडे आणून द्या.