दारी आलेल्या मुली
(मंडळाच्या वर्धापनदिनी चिटणीसबाईंनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मंडळाच्या एखाद्या कामाविषयी कोणी तरी एकीने चार शब्द बोलावेत, अशी आपली प्रथा आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. मला भाषण येत नाही. मी हिशेबाची वही सांभाळणारी बाई. तेव्हा माझे बोलणेही वहीसारखेच, जमा आणि खर्च यांचे असेल. कन्याशाळेच्या मुलींच्या सहलीसाठी घरोघर विक्री करून पैसे उभे करण्याचा उद्योग आपण दोन वर्षे केला. त्याची हकिगत मला सांगायची आहे. पहिल्या वर्षाविषयी बोलताना मला थोडी लाज वाटते. पण स्मरणिकेत नुसती जमेचीच बाजू छापली, तर पुढच्या चिटणिसाला तिचा उपयोग काय?

सहलीचा प्रश्न आपल्याकडे कसा आला ते प्रथम सांगते. दरवर्षी सहलीची यादी लागली की वर्गातल्या सात-आठ मुलींना नेमके त्याच दिवसांत काही तरी दुखू लागते. कोणाचे पोट दुखते, कोणाकडे पाहुणे येणार असतात. मोठ्या बाईंच्या ध्यानात हे आले, आणि त्यांनी मंडळाकडे शब्द टाकला. गरजू विद्यार्थ्यांच्या निधीतून त्या मुलींचे पैसे भरता आले असते. पूर्वी तसे केलेही होते. परंतु ज्यांचे पैसे निधीतून भरले त्या मुली गाडीत मागच्या बाकावर बसतात, आणि खाऊचा डबा उघडताना इकडेतिकडे पाहतात, असे बाई म्हणाल्या. तेव्हा सगळ्याच मुलींनी मिळून कमवावे आणि सगळ्यांनी मिळून जावे, असे ठरले. विचार चांगला होता. चुकले ते पुढेच.

त्याच सुमारास बाहेरगावचा एक माल पुरवणारा गृहस्थ आपल्याकडे आला. उदबत्ती, साबण आणि मेणबत्त्या यांची शोभिवंत खोकी त्याच्याकडे होती. खोके 200 रुपयांना विकायचे, 150 त्याला द्यायचे आणि 50 मुलींना राहायचे. भांडवल नको, खटपट नको. सर्वांत जास्त खोकी विकील तिला मनगटी घड्याळाचे बक्षीस! मी कागद वाचला न वाचला आणि सही केली. न विकलेला माल परत घेतला जाणार नाही, ही ओळ त्या कागदाच्या तळाशी होती.

प्रत्येक मुलीला दहा-दहा खोकी मिळाली. ज्यांचे वडील कचेरीत, बँकेत होते त्यांची खोकी वडिलांच्या टेबलावरच दोन दिवसांत खपली. त्या मुलींना दाराची कडी वाजवावीही लागली नाही. आणि जिच्यासाठी हा सारा खटाटोप होता, ती वस्तीतली मुलगी आठ दिवस उन्हात फिरली. तिची चार खोकी गेली. तिच्या आळीत 200 रुपयांचा साबण-उदबत्ती घेणार कोण? चार खोक्यांचे तिला 200 रुपये सुटले खरे, परंतु उरलेल्या सहा खोक्यांचे 900 रुपये तिच्या नावावर देणे निघाले. सहलीची वर्गणीही 900 रुपयेच होती. म्हणजे 900 रुपये मिळवायला निघालेली मुलगी 900 रुपयांची देणेकरीण होऊन घरी आली!

तिने हे आईखेरीज कोणालाही सांगितले नाही. आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटते. तिने ते पैसे वाणसामानात काटकसर करून हप्त्याहप्त्याने फेडले. सहल गेली, आली. मुलगी घरीच राहिली. दोन महिन्यांनी मी वही मिळवू लागले तेव्हा हे मला कळले. मी त्यांच्या घरी पैसे घेऊन गेले. त्या माऊलीने ते हातात घेतले नाहीत. म्हणाली, "ताई, घेतल्या मालाचे पैसे दिले. तुम्ही कशाला देता?" शेवटी मंडळाच्या हळदीकुंकवाच्या पोळ्यांचे काम तिला दिले, तेव्हा कोठे माझ्या मनाचे थोडे समाधान झाले. परंतु त्या मुलीची ती सहल काही मला परत देता आली नाही.

भगिनींनो, विक्री करणे हे काही वाईट नाही. दुसऱ्या लोकांनीही हे केले आहे, आणि त्यांच्याकडे पाहून आपण काय चुकलो ते मला समजले. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील मस्कोगी या गावी 1917 साली मुलींच्या एका स्काउट पथकाने बिस्किटे भाजून शाळेच्या भोजनगृहात विकली. 1922 साली त्यांच्या मासिकात शिकागोच्या एका बाईंनी त्या बिस्किटांची कृती दिली, आणि कृतीबरोबर हिशेबही दिला. सहा-सात डझन बिस्किटांना सामान 26 ते 36 सेंटांचे लागेल, आणि डझन 25 ते 30 सेंटांना विकावे. मुलींना कृतीच्या जोडीने खर्च आणि किंमतही शिकवायची, ही त्यातली खुबी. पुढे मागणी वाढली तेव्हा 1936 पासून त्यांच्या मध्यवर्ती संस्थेने बेकऱ्यांकडून बिस्किटे करून घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात साखर, मैदा, लोणी मिळेना, तेव्हा त्या मुलींनी दिनदर्शिका विकल्या. त्या बिस्किटांच्या पैशातून आजही तिकडच्या मुली शिबिरांना आणि दूरच्या प्रवासांना जातात. अशा प्रवासांना निघालेल्या गाइड मुलींसाठी जगात जी थोडी केंद्रे उभारली गेली, त्यांतले 'संगम' हे आपल्या पुण्यातच 1966 साली उघडले.

आपल्याकडे स्काउट-गाइडच्या मुलामुलींची 'खरी कमाई' तर तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. मूल दारी येते, काही तरी काम करून देते आणि त्याचा मोबदला घेते. या नावातच सारे आले. कमाई खरी केव्हा? देणाऱ्याला काही मिळाले आणि घेणाऱ्याने काही श्रम केले, तर. आणि दूर कशाला जा? 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला बसण्याचे धाडस केले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तोटा आला तरी देणगी म्हणून कोणापुढे हात पसरायचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. त्यातूनच 'लिज्जत' उभी राहिली.

हे सारे ताडून पाहिले आणि आपली चूक दिसली. माल आपला नव्हता, त्याची किंमत आपण ठरवली नव्हती, उरलेल्याचा बोजा मात्र आपल्या मुलींवर होता. आणि बक्षिसाच्या लालचीने आपण मुलींनाच एकमेकींशी झुंजवले होते.

दुसऱ्या वर्षी म्हणूनच आपण चकलीची भाजणी घेतली. दिवाळीत ती प्रत्येक घरी लागते, आणि आता भाजणी भाजायला सवड कोणाला आहे? तेव्हाही शंका निघाल्याच. एक आजी म्हणाल्या, "पोरींना दारोदार हिंडवता? उद्या लोक भीक म्हणतील." त्यांना मी म्हटले, "आजी, भिकेच्या झोळीत काय पडेल ते दाता ठरवतो. आपल्या पुडीची किंमत आपण ठरवली आहे, आणि आवडली नाही तर घेऊ नका, असे म्हणायचे मुलींना शिकवले आहे." त्या काही बोलल्या नाहीत. परंतु दुसऱ्या दिवशी त्यांनीच येऊन भाजणीचे प्रमाण सांगितले: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, आणि वर धने-जिरे. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, सगळे धान्य निरनिराळे मंद आचेवर भाजायचे. गिरणीत आधी कोणाची बाजरी दळली असेल तर आपले दळण टाकायचे नाही, हेही त्यांनीच बजावले.

आता हिशेब ऐका. अर्ध्या किलोच्या पुडीला सामान, इंधन, दळण आणि पिशवी मिळून 60 रुपये पडले. पुडी 100 रुपयांना विकली. म्हणजे पुडीमागे 40 रुपये. मुली 32. सहलीची वर्गणी या खेपेसही 900 रुपये. त्यांतले 300 रुपये प्रत्येक मुलीने घरून, आठवड्याला 50 प्रमाणे सहा आठवड्यांत आणायचे आणि उरलेले 600 कमवायचे. बत्तीस मुलींचे 19,200 रुपये झाले. त्याला 480 पुड्या विकाव्या लागणार, म्हणजे 240 किलो भाजणी. आकडा ऐकून आपल्यापैकी पुष्कळजणींनी कपाळाला हात लावला होता! परंतु वीस घरांत वाटून घेतल्यावर घरटी बाराच किलो आली. आपल्या श्रमांची मजुरी या हिशेबात मी धरलेली नाही, हेही इथे नमूद करते. ती धरली असती तर नफा इतका दिसला नसता. आपली ती देणगीच होती. फक्त ती मुलींना उघडपणे सांगून दिली.

पद्धत बदलली ती अशी. आधी मागणी नोंदवायची आणि मागणीइतकीच भाजणी करायची, म्हणजे माल उरण्याची भीती नाही. सहामाही परीक्षेच्या आधीच्या दोन रविवारी मुलींनी नोंदणी केली. परीक्षा चालू असताना त्यांनी या कामाला हात लावायचा नाही. तोवर आपण भाजत होतो. परीक्षा संपल्यावर तीन दिवसांत मुलींनी वजन केले, पुड्या बांधल्या आणि पोचवल्या. कोणी किती खपवल्या याची वेगळी यादीच ठेवली नाही. गल्ल्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या, आणि सगळा पैसा एका पेटीत. बक्षीस नाही.

मुलींच्या सुरक्षिततेचे नियमही लिहून काढले. एकटीने जायचे नाही. दोघी मुली, आणि गल्लीच्या तोंडाशी आपल्यापैकी एक बाई. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाही, कितीही ओळखीचे घर असो. दिवेलागणीच्या आत परत. पैसे घेतले की पावती. आणि रोज संध्याकाळी पेटीतली रक्कम दोघींनी मोजायची, कारण एकीनेच मोजली तर उद्या तिच्यावरच आळ यायचा. कोणी टाकून बोलले तर नमस्कार करून पुढच्या दारी जायचे. तसे एका दारी झालेही. मुली रडवेल्या होऊन आल्या. पण पुढच्या दारी त्यांना पाच पुड्यांची मागणी मिळाली, आणि रडे तिथेच विरले.

कायद्याचेही दोन शब्द सांगते, कारण पुढच्या चिटणिसाला ते लागतील. 2006 सालच्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरी खाद्यपदार्थ करून विकणाऱ्या लहान उद्योगालाही नोंदणी लागते. ती आपण केली, आणि पुडीवर वजन, घटक व तारीख छापली. दुसरे, घरोघर विक्री करणाऱ्या कंपन्यांसाठी केंद्र सरकारने 2021 साली नियम केले आहेत. त्यांच्या विक्रेत्याने ओळखपत्रावाचून आणि आधी वेळ ठरवल्यावाचून कोणाच्या घरी जायचे नाही, आणि साखळीने माणसे गुंतवून पैसे मिळवण्याच्या योजनांना तर मुळीच मनाई आहे. साखळीच्या अशा योजनांवर बंदी घालणारा कायदा 1978 पासूनच आहे. तेव्हा "तुम्ही आणखी तिघींना आणा, त्या आणखी तिघींना आणतील," असे कोणी गोड बोलू लागले, तर चहा पाजून त्याची बोळवण करा. आणि कागदाच्या तळाची ओळ आधी वाचा!

पुड्या 480 ठरल्या होत्या, त्या साऱ्या गेल्या. एस.टी.ची शालेय सहलीची निम्म्या भाड्याची सवलत मिळालीच होती, आणि पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांना व किल्ल्यांना 15 वर्षांखालील मुलांना तिकीट नसते. डिसेंबरात बत्तीसच्या बत्तीस मुली वेरूळ आणि दौलताबादला जाऊन आल्या. यादी लागल्यावर यंदा कोणाचेही पोट दुखले नाही.

मीही बरोबर होते. कैलास लेण्यापुढे गाइड मुलींना सांगत होता, की हे सारे एका डोंगरातून कळसापासून खाली कोरत आणले आहे. तेव्हा माझ्या शेजारी तीच मुलगी उभी होती, गेल्या वर्षीची. ती जरा वेळ पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, म्हणजे ह्यांना एकदा चुकलं की पुन्हा भर घालता येत नसणार." मी काहीच बोलले नाही. मनात म्हटले, आपले काम दगडातले नाही हे आपले भाग्य. आपल्याला निदान पुढच्या वर्षी भर घालता येते.

परतीच्या गाडीत ती पुढच्या बाकावर बसली होती आणि भाजणीच्या चकल्यांचा डबा तिने सगळ्यांत फिरवला. आईने केल्या होत्या. दिवाळीनंतर तिच्या आईने आणखी दोन पुड्यांची भाजणी मंडळाकडून मागून घेतली होती, आणि रोख पैसे मोजून दिले होते. ती पावती माझ्या वहीत आहे.

यंदाची नोंदणी येत्या रविवारी सुरू होईल. भाजायला घरे हवी आहेत, आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या भगिनीही हव्या आहेत. नावे माझ्याकडे द्यावीत.