डॅन्यूब : युरोपची पूर्ववाहिनी

जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरांतून येणाऱ्या ब्रेग आणि ब्रिगाख या दोन लहान नद्यांचा संगम डोनाउएशिंगेन गावाजवळ होतो आणि तेथून पुढच्या प्रवाहाला डॅन्यूब म्हणतात. सुमारे २,८५० किलोमीटर वाहून ती काळ्या समुद्राला मिळते. लांबीत युरोपात तिच्यापुढे फक्त व्होल्गा आहे. ऱ्हाईन आणि एल्ब या नद्या उत्तर समुद्राकडे जातात. डॅन्यूब मात्र पूर्ववाहिनी. तिचे मोठेपण आणि तिची अडचण, दोन्हींचे मूळ या दिशेत आहे. मध्य युरोप आणि बाल्कन प्रदेश तिने एका धाग्यात ओवले, पण तिचे मुख जवळजवळ बंदिस्त अशा समुद्रात, पश्चिमेच्या मोठ्या बाजारपेठांपासून दूर पडले.

उगमापासून थोड्याच अंतरावर ही नदी चक्क गायब होते. इमेंडिंगेनजवळ पात्राखाली चुनखडीचा खडक आहे. त्याच्या भेगांतून पाणी खाली झिरपते आणि उन्हाळ्यात कित्येक दिवस पात्रात केवळ गोटे उरतात. हे पाणी जाते कोठे, हे पाहण्यासाठी १८७७ मध्ये भूवैज्ञानिक आडोल्फ क्नोप यांनी त्यात रंगद्रव्य आणि दहा टन मीठ सोडले. सुमारे अडीच दिवसांनी बारा किलोमीटरवरच्या आख झऱ्याला हिरवट, खारे पाणी आले. हा झरा कॉन्स्टन्स सरोवरामार्गे ऱ्हाईनला मिळतो. म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेले काही पाणी शेवटी उत्तर समुद्रात पोहोचते. नकाशावरचे जलविभाजक जमिनीखाली फारसे पाळले जात नाहीत.

नदीला खरे बळ मिळते ते उपनद्यांमुळे. पासाऊ येथे आल्प्सचे बर्फाचे पाणी घेऊन इन नदी येते. संगमावर तिचेच सरासरी पाणी डॅन्यूबपेक्षा जास्त असते. पुढे व्हिएन्ना आणि ब्रातिस्लावा ओलांडून नदी हंगेरीत एकदम दक्षिणेला वळते, बुडापेस्टवरून सपाट मैदानात उतरते आणि द्रावा, तिसा, सावा यांना पोटात घेते. सावाच्या संगमावर बेलग्रेड वसले आहे. चार राजधान्या आणि दहा देश तिच्या काठावर आहेत. त्यांपैकी मोल्दोव्हाच्या वाट्याला एक किलोमीटरही किनारा आलेला नाही, पण तेवढ्यातही त्याने बंदर उभारले आहे.

सर्बिया आणि रुमानिया यांच्या सीमेवर कार्पेथियन पर्वत भेदताना नदी अरुंद घळीत शिरते. हे ‘लोखंडी दरवाजे’. या घळीच्या खालच्या अंगाला रोमन सम्राट ट्राजनने दुसऱ्या शतकाच्या आरंभी दमास्कसच्या अपोलोडोरसकडून पूल बांधून घेतला होता. घळीतील खडक जहाजांना घातक होते, म्हणून १८९६ मध्ये बाजूने सिप कालवा खुला झाला. त्याचा वेग इतका होता की उलट दिशेने जाणारी जहाजे पुढे काठावरच्या रेल्वे इंजिनाने ओढावी लागत. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाने ही अडचण संपवली, वीजही दिली. मात्र तुर्की वस्तीचे आदा काले बेट त्या पाण्याखाली कायमचे गेले.

मुखाशी अडचण गाळाची होती. त्रिभुज प्रदेशात नदीच्या किलिया, सुलिना आणि सेंट जॉर्ज अशा तीन शाखा होतात. क्रिमियन युद्धानंतर १८५६ च्या पॅरिस तहाने डॅन्यूबसाठी युरोपीय आयोग नेमला. त्याचे मुख्य अभियंते चार्ल्स हार्टली यांनी सुलिनाच्या तोंडाशी समुद्रात दोन लांब बंधारे घातले. कोंडलेला प्रवाह वाळू स्वतःच पुढे ढकलू लागला आणि मोठी जहाजे आत येऊ लागली. अनेक राष्ट्रांनी मिळून एखादी नदी चालवण्याचा हा त्या काळचा फार यशस्वी प्रयोग म्हणावा लागेल. नदीवरचे किलोमीटरही उगमापासून नव्हे, सुलिनापासून मोजतात.

दिशेची अडचण विसाव्या शतकाने कालव्यांनी कमी केली. १९८४ मध्ये खालच्या टोकाला कॉन्स्टांत्सा बंदराकडे कालवा निघाला, तर १९९२ मध्ये ऱ्हाईन–माइन–डॅन्यूब कालव्याने उत्तर समुद्र ते काळा समुद्र असा अखंड जलमार्ग तयार झाला. २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनची समुद्री बंदरे अडली, तेव्हा इझमाईल आणि रेनी या डॅन्यूबवरील बंदरांतून धान्य बाहेर पडले. त्याच उन्हाळ्यात दुष्काळाने पाणी इतके खाली गेले की सर्बियातील प्राहोव्होजवळ १९४४ साली बुडवलेली जर्मन युद्धनौकांची रांग उघडी पडली आणि मालवाहतुकीची वाट तेथे अरुंद झाली.