आधी कंपनी, मग शाळा

(स्टुटगार्ट परिसरातील मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. मध्येच आलेले प्रश्न जसेच्या तसे ठेवले आहेत. – संपादक)

अध्यक्षांनी फोनवरच बजावलं होतं, "आउसबिल्डुंगवर बोला, पण ती म्हणजे काय तिथपासून सुरू करू नका, मुलं इथल्याच शाळांत आहेत आमची." बरं झालं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी एस-बानमध्ये नुसता मान हलवून ओळख दाखवतो, नावं माहीत नाहीत. आज निदान उपयोगाचं काही बोलून घेतो.

तुम्ही गणपतीचा कार्यक्रम सप्टेंबरात घेतलात हे फार चांगलं केलंत. ज्या पोरांनी या महिन्यात कामाला सुरुवात केली, त्यांच्यातल्या कित्येकांचे करार मागच्या हिवाळ्यातच झालेत. मोठ्या कंपन्यांच्या पुढच्या सप्टेंबरच्या जागा आत्ता खुल्या आहेत. ज्यांचं पोरगं दहावीत गेलंय, त्यांनी मोदक खाऊन लगेच घरी गेलं तरी मी रागावणार नाही. छोट्या कारागिरांकडे, म्हणजे सुतार, इलेक्ट्रिशियन, हीटिंगवाले, यांच्याकडे पार उन्हाळ्यापर्यंत जागा निघतात. ते एवढ्या आधीचा विचारच करत नाहीत.

मी मूळचा फिटर. औंधच्या आयटीआयमध्ये दोन वर्षं, मग कंपनीत अप्रेंटिस. आता इथे एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत शिकाऊ पोरांना शिकवतो. त्यामुळे दोन्हीकडची तुलना डोक्यातून जात नाही, आणि आज ती तुम्हाला ऐकावी लागणार.

आपल्याकडे क्रम कसा? दहावीचे मार्क, मेरिट लिस्ट, ट्रेड, दोन वर्षं शाळा आणि सगळ्यात शेवटी कंपनी. इथे कंपनी पहिली. करारावर सही झाली की कंपनीच पोराचं नाव बेरूफ्सशूलेत घालते, तिथे प्रवेशाची रांग लावावी लागत नाही. आपल्या लोकांना हे माहीत असतं, पण अंगात मुरलेलं नसतं. पालक मला विचारतात, "किती टक्के लागतात?" अहो, कट-ऑफच नाही! समोर एक माणूस बसलाय आणि त्याला ठरवायचंय की हे पोरगं साडेतीन वर्षं माझ्या खात्यात चालेल का.

आता खटकणारी गोष्ट सांगतो. आपला अप्रेंटिस कायदा १९६१चा. २०१९च्या सुधारणेपासून तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. घेणं सक्तीचं, शिकवणं मर्जीवर. माझ्या वेळी टक्क्यांचा हिशेब वेगळा होता, पण तऱ्हा हीच. मी होतो त्या कंपनीत आम्हाला महिनोन् महिने पॅकिंगला बसवलं. हजेरीपटावर ट्रेड फिटर आणि हातात चिकटपट्टी. इथे कुठल्याही कंपनीवर सक्ती नाही, नको असेल तर घेऊ नका. पण एकदा घेतलं की सुटका नाही. कुठल्या टप्प्यात काय शिकवायचं ते त्या व्यवसायाच्या नियमावलीत लिहिलेलं, करार चेंबरकडे नोंदवलेला, शिकवणाऱ्याची स्वतःची परीक्षा झालेली. शिक्षणाशी संबंध नाही ते काम शिकाऊ पोराला देता येत नाही, असं कायद्यातच आहे. तरी झाडू मारायला लावतात हो, मी नाही म्हणत नाही. स्वतःची जागा झाडणं हे शिक्षणच आहे असं माझंही मत आहे. पण साहेबाची गाडी धुणं नाही.

आणि गंमत बघा, कानस तीच आहे. औंधला आम्ही पहिले काही महिने हाताने घासत होतो, एक तुकडा दुसऱ्यात बसवायचा, मेल-फीमेल फिटिंग. इथेही संगणकावर चालणारी यंत्रं शेजारी उभी असताना माझी पोरं सुरुवातीला पोलादाचा यू आकाराचा तुकडा व्हाइसमध्ये धरून कानसच घासतात. मग गुण्या लावायचा आणि तुकडा खिडकीकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत घास. सोळा वर्षांचं पोरगं पहिल्या आठवड्यात मधला भाग उचललेलाच घासतं, कारण हात झोपाळ्यासारखा हलतो. ते बोलून जात नाही, घासूनच जातं. औंधच्या सरांनी मला जे खांद्याला धरून दाखवलं, तेच मी आता जर्मनमध्ये दाखवतो.

(प्रश्न: पण मुलाला निवडताना तुम्ही बघता काय?)

सर्टिफिकेट हातात आलं की आधी खाली बघतो. गणिताच्या मार्कांच्या खाली, जिथे गैरहजेरीचे तास लिहिलेले असतात. विनापरवानगी तास असतील तर पुढचं सगळं वाचताना मन साफ राहत नाही. मग वर्तणूक आणि वर्गातला सहभाग, आणि त्यानंतर मार्क. अर्जाच्या पत्रात "मला लहानपणापासून तंत्रज्ञानाची आवड आहे" असं असतं, ते सगळेच लिहितात. एका मुलीने लिहिलं होतं की तिने शेजाऱ्यांची सायकल दुरुस्त केली आणि गिअरची केबल उलटी बसली. तिला लगेच बोलावलं.

सगळ्यात जास्त वजन प्राक्टिकुमला. शाळेचा असतो तो करायचाच, पण सुटीत स्वतःहून एक आठवडा मागून केला तर फार फरक पडतो. आपली आयटीवाली मंडळी मुलाला आपल्याच ऑफिसात बसवतात, एसीत आठवडा काढतात. त्यातून कुणालाच काही कळत नाही, मुलालाही नाही.

(प्रश्न: हे सगळं ठीक, पण पुण्यात आजीला काय सांगायचं? नात माळीकाम शिकते म्हणून?)

हा खरा प्रश्न! आजीला सांगा की माइस्टरची परीक्षा इथल्या पात्रता-चौकटीत बॅचलरच्या बरोबरीने सहाव्या पातळीवर धरतात. आजी ऐकणार नाही, पण तुम्हाला धीर येईल. आणि डिग्री हवीच असेल तर इथल्या राज्यात डुआले होखशूले आहे. तीन महिने कंपनीत, तीन महिने कॉलेजात, पगार चालू. तिथेही आधी कंपनीशी करार, मग प्रवेश. आबिटूर झालेल्यांनी याच्याकडे जरूर बघा. पैशाचं म्हणाल तर २०२५मध्ये सुरू झालेल्या करारांसाठी पहिल्या वर्षाचं किमान विद्यावेतन महिना ६८२ युरो होतं. मेटलच्या टॅरिफमध्ये हजाराच्या वर जातं. तेवढे पैसे सोळाव्या वर्षी हातात येतात, तेव्हा पहिल्याच महिन्यात भलते महाग बूट घेतले जातात. तिकडे दुर्लक्ष करा.

(प्रश्न: साताऱ्याला माझा भाचा आहे, आयटीआय झालाय, त्याला इथे आणता येईल का?)

हा विषय आजचा नाही, पण २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने इथल्या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून प्रत्येक घरात एक भाचा निघतो. जागा शोधण्यासाठी येणाऱ्यांचा व्हिसा आहे, नऊ महिन्यांपर्यंतचा. वय पस्तिशीच्या आत, जर्मन बी-१, आणि उच्च शिक्षणाला पात्र ठरणारी शालान्त परीक्षा, म्हणजे आपल्याकडे बारावी. दहावीनंतर आयटीआय केलेला मुलगा इथेच अडकतो. शिवाय नऊ महिन्यांचा खर्च आपला आपण दाखवायचा. त्यापेक्षा करार हातात घेऊन येणं बरं. भाच्याला आधी भाषा करू दे. बी-१चं सर्टिफिकेट वेगळं आणि खात्यात श्वाबी बोली समजणं वेगळं, पण ते इथे जन्मलेल्यांनाही जड जातं.

आणि एजंट. "जागा पक्की करून देतो" म्हणून लाखांत पैसे मागतात. इथे शिकाऊ माणसाकडून शिकवण्याबद्दल पैसे घ्यायचं कलम करारात घातलं तरी ते कायद्याने रद्दबातल असतं. कंपनी तुम्हाला पैसे देते, तुम्ही कंपनीला नाही. कुणी उलटं सांगितलं तर फोन ठेवून द्या.

(प्रश्न: करारात काय वाचायचं?)

प्रोबेशन किती ते बघा. एक ते चार महिने असतं, आणि त्या काळात दोन्ही बाजूंना एका दिवसात मोडता येतं. मूल अठराच्या आत असेल तर सही तुमचीही लागते. आणि मुलाखतीत मुलाने विचारावं, "दुसऱ्या वर्षातल्या कुणाची तरी कामाची वही बघू का?" प्रत्येकाला केलेल्या कामाची नोंद ठेवावी लागते, शिकवणारा त्यावर सही करतो, आणि तिच्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. वही भरलेली, सह्या वेळच्या वेळी झालेल्या असतील तर तिथे शिकवतात. महिन्याच्या सह्या एकाच पेनाने एकाच दिवशी मारलेल्या असतील तर पोराला म्हणावं, दुसरीकडेही अर्ज टाक.

(प्रश्न: प्राक्टिकुमसाठी फोन आम्ही केला तर चालेल का? मुलगा लाजाळू आहे.)

चालत नाही. आईने सुरेख जर्मनमध्ये लिहिलेला ईमेल आम्हाला दुसऱ्या ओळीत ओळखू येतो. फोन मुलानेच करायचा, अडखळत केला तरी चालेल, दुपारी जेवणाची वेळ सोडून. आणि तुम्ही बाजूला उभं राहून खुणा करायच्या नाहीत. पोरगं मध्येच थांबून कुणाकडे तरी बघतंय, हे फोनवर कळतं.